आठ वाजताचं पाणी

कालव्याच्या पाण्याची पाळी चालू असताना कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा नियम मथुराबाई डोईफोडे यांनी एकवीस वर्षं पाळला. नवरा पैठणच्या डाव्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारा, होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना त्याच्या जागी घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने सांगितलं की बाई, ज्याचा चहा प्याल त्याचं पाण्याचं दार तुम्हाला बंद करता येणार नाही. मथुराबाईंनी तशी खूणगाठ बांधली. उन्हाळी पाळी सुटली की भाकरी स्वतःची, पाणी स्वतःचं आणि बसायचं ते बांधावर. दुसरा नियम खात्याचाच होता, पण खात्यापेक्षा बाईंनीच तो जास्त मनावर घेतला. आधी टेल, मग हेड. कालव्याच्या शेपटाकडच्या रानाला आधी पाणी, मुखाकडच्याला शेवटी. मुखाकडच्याने एकदा वाफे भरायला घेतले की शेपटाकडच्याला ओल्या मातीचा वासच तेवढा मिळतो. आणि तिसरा नियम म्हणजे रोज सकाळी आठला गेज, म्हणजे पाण्याची उंची मोजायची पट्टी, वाचायचा, मग आभाळ कोसळो. या तीन नियमांवर बाई कालवा निरीक्षक झाल्या आणि तालुक्यातल्या भल्याभल्यांशी वैर घेऊन सुखाने राहिल्या.

म्हणूनच २०४३ साली लडाखमध्ये थांग त्सो नावाच्या सरोवराकाठी पाणी वाटायला माणूस हवा झाला, तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. तिथे शास्त्रज्ञ होते, यंत्रं होती, पण भांडणाऱ्या चार घरांत एक ओढा वाटून देणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांची प्रतिनियुक्ती होती. बाई साडेचार हजार मीटर उंचीवर गेल्या, आठ दिवस डोकं धरून पडून राहिल्या आणि नवव्या दिवशी हातात वही घेऊन ओढ्याच्या काठाने चालायला लागल्या.

ओढा हिममनोऱ्यांचा होता. वरच्या हिमनद्या आटून गेल्या होत्या, तेव्हा हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी धरून ठेवायची ही युक्ती. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी नळाने खाली आणायचं, दाबामुळे ते उभ्या नळाच्या टोकातून कारंज्यासारखं उडतं आणि उणे पंचवीसच्या हवेत पडता पडता गोठतं. थर चढत जाऊन शंकूच्या आकाराचा बर्फाचा मनोरा उभा राहतो. सपाट पसरलेला बर्फ एप्रिलातच संपतो. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो मे-जूनपर्यंत टिकतो आणि नेमकी गरज असते तेव्हा वितळतो. थांग त्सोच्या वर असे अकरा मनोरे होते, एकेक सहा मजली इमारतीएवढा. त्यांचं पाणी कुणाला किती द्यायचं ते ‘सारणी’ नावाचं यंत्र ठरवायचं. गवताच्या मुळाशी ओल किती, सरोवराच्या तोंडाशी पाणी किती, हे वाचून ते ओढ्यावरची लोखंडी दारं आपोआप वरखाली करायचं. बाईंचं काम म्हणजे सारणीला वाटपाचे नियम शिकवायचे आणि तिने केलेलं वाटप लोकांच्या गळी उतरवायचं.

ओढ्याच्या मुखाशी, म्हणजे सगळ्यांत वर, आबी यांगचेनचं कुरण होतं. आबी म्हणजे आजी, सगळे तिला तसंच हाक मारायचे. सत्तरीची, चांगपा पशुपालकांपैकी, पश्मिन्याच्या दीडशे शेळ्यांची मालकीण. तिच्या खाली आणखी तीन घरांची कुरणं, आणि सगळ्यांत शेवटी, जिथे ओढा सरोवराला मिळतो तिथे, काठ आणि एक लहान बेट यांच्यामधली साठ पावलांची चिंचोळी खाच. एकेकाळी तिथे माणूस बुडेल एवढं पाणी असायचं. सरोवर आटत गेलं आणि आता ओढ्याचं पाणी त्या खाचेतून वाहतं राहिलं तरच बेट हे बेट राहायचं. पस्तीस सेंटिमीटर पाणी हवं, असं शास्त्रज्ञांनी ठरवून दिलं होतं. तिथे गेज बसवताना तंत्रज्ञांनी बाईंना विचारलं होतं की थंडीत बॅटऱ्या मरतात, त्यामुळे दिवसातून एकदाच मोजता येईल, कधी मोजायचं? बाईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सकाळी आठला.

बेटावर कोण राहायचं, तर पट्टकादंब. राखी अंगाचा रानहंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. चांगपा लोक त्याला नंगपा म्हणतात. हिवाळ्यात हाच पक्षी पैठणच्या नाथसागरावर शेकड्यांनी उतरतो आणि गव्हाच्या रानात शिरून शिव्या खातो, त्यामुळे बाईंची आणि त्याची ओळख जुनी होती. तो इथे दिसल्यावर त्यांना गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. मग त्यांनी प्रकल्पाच्या शास्त्रज्ञ डॉ. रिगझिन यांना सरळ विचारलं की आमच्याकडे पाणी आहे, गहू आहे, हवा भरपूर आहे. ते सोडून हा पक्षी पोटात अंडी घेऊन हिमालय ओलांडतो आणि श्वास पुरत नाही अशा ठिकाणी येऊन बसतो, हे कुठलं शहाणपण?

रिगझिन चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं की हा पक्षी घरटं जमिनीवर करतो आणि मादीला अठ्ठावीस दिवस त्यावरून हलता येत नाही. तुमच्याकडे मे महिन्यात काय असतं ते आठवा. ऊन बेचाळीस अंश, अंडं घरट्यातच शिजेल. काठाचं गवत वाळलेलं, आणि कोल्हे, मुंगूस, घोरपडी, कुत्री, माणसं. इथे बर्फ हटला की सगळं गवत एकदमच फुटतं, कोवळं आणि कसदार, आणि पंधरा-पंधरा तास उजेड असतो. पिल्लू जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत चरायला लागतं, त्याला कुणी भरवत नाही, म्हणून ते गवत त्याच दिवसांत हवं. गारठ्यात रोगजंतू कमी. विरळ हवेची किंमत मोजावी लागते, पण ती मोजायची सोय त्याच्या अंगात आहे. त्याचं रक्त प्राणवायू आपल्यापेक्षा घट्ट धरून ठेवतं, फुप्फुसं मोठी आहेत, श्वास खोल आहे. बाकीच्यांना जिथे टिकता येत नाही तिथे तो टिकतो, म्हणून तिथे त्याला शत्रू थोडे. आणि उरलेल्या शत्रूंसाठी बेटाभोवतीचं पाणी. तेवढं पाणी हटलं तर बाकी सगळ्याचा काही उपयोग नाही.

“म्हणजे राहायला आमच्याकडे आणि बाळंतपणाला माहेरी,” बाई म्हणाल्या.

रिगझिनना माहेर समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या की हे मी भाषणात वापरणार.

बाई मात्र हसल्या नाहीत, कारण ते बोलता बोलताच त्यांना कावेरी आठवली होती. कावेरी त्यांची एकुलती एक मुलगी, जालन्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिला सातव्या महिन्यात एकाएकी दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा उन्हाळी पाळी चालू होती आणि कालवा फुटला होता. बाई पोचल्या त्या तिसऱ्या दिवशी. तोवर बाळ गेलं होतं. कावेरी एका शब्दाने बोलली नाही, आणि ते न बोलणं बाईंच्या मनात घर करून बसलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. जूनची बारा तारीख दिली होती. पैठणच्या घरी ती एकटीच येऊन राहिली होती, सासूबाई अधूनमधून येऊन जायच्या.

“कधी यायलीस?” फोनवर तिचा रोज एकच प्रश्न असायचा.

“पाच तारखेला निघते, सातला तुझ्यापाशी,” बाई सांगायच्या.

“मागच्या टायमालाबी येते म्हणलीवतीस.”

फोन ठेवला की बाईंचे पाय एका जागी ठरायचे नाहीत. खोलीतून ओढ्यावर, ओढ्यावरून खोलीत. त्यात आणखी एक किडा डोक्यात शिरला होता. बेटावरची घरटी कमी होत होती. मेच्या मध्याला रिगझिननी दूरच्या टेकडीवरून दुर्बिणीने मोजली तेव्हा एकेचाळीस होती, मेअखेरीला सव्वीस. त्यांनी डोमकावळ्यांवर ठपका ठेवला. खाचेतला गेज रोज सदतीस, अडतीस दाखवत होता, म्हणजे पाण्याची तक्रार नव्हती. अंडी उबवायच्या दिवसांत अर्ध्या किलोमीटरच्या आत माणसाने जायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही, असा कडक नियम. त्यामुळे जवळ जाऊन पाहायची सोय नव्हती. एकवीस वर्षं पाण्याशी संसार केलेल्या बाईला काहीतरी खुपत होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं.

आबी यांगचेनशी त्यांचं जमलं नव्हतं, आणि याचं कारण चहा. पहिल्याच दिवशी आबीने तंबूच्या दारात उभं राहून लोणी-मिठाच्या चहाची वाटी पुढे केली होती आणि बाईंनी नियमाप्रमाणे हात जोडून नको म्हटलं होतं. इकडे पाळी कधी संपतच नव्हती, त्यामुळे वर्षभर नकोच म्हटलं. दोघींच्या मध्ये कानात घालायचा दुभाषी होता, बोललेलं तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत सांगणारा. पण तो कुणा शाळामास्तराच्या हाताखाली मराठी शिकला असावा. आबी तोंड फिरवून फणकाऱ्याने काही बोलली, तर तो बाईंच्या कानात म्हणाला, “जशी आपली इच्छा.” बाईंना वाटलं, म्हातारी समंजस आहे.

चार जूनला सारणीच्या हाती कारभार सोपवून बाई लांबच्या रजेसाठी मोकळ्या झाल्या. बदलीचा माणूस वीस तारखेनंतर यायचा होता, तोवर यंत्र समर्थ होतं. सामान बांधलं. पहाटे गाडी निघणार होती. दुपारभर त्या चारी घरांचा निरोप घेत फिरल्या आणि सगळ्यांत शेवटी आबीच्या तंबूशी आल्या. आबीने सवयीने, अर्ध्या मनाने वाटी पुढे केली. नको म्हणायला बाईंचे हात जुळले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता आपली पाळी नाही. त्या वाकून आत गेल्या, गालिच्यावर मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली. आबी त्यांच्याकडे बघतच राहिली. चहा खारट, तेलकट होता, पण बाईंनी तो घोटाघोटाने संपवला. आबीने लगेच वाटी पुन्हा भरली.

याकच्या केसांचा काळा तंबू वाऱ्याने हलत होता. तिथे रोज दुपारनंतर वारा सुटतो, उभ्या माणसाला ढकलेल असा. तिसरी वाटी भरताना आबीने तंबूचा पडदा सारून खाली नजर टाकली आणि सहज म्हणाली, दुभाष्याच्या शब्दांत, “आज समीर लवकर शांत होईल असे दिसते. श्वान लवकर परततील.”

कुठली कुत्री, बाईंनी विचारलं. आबीने हनुवटीने खाली दाखवलं.

बाईंच्या खोलीतून खाच दिसायची नाही, मध्ये टेकाड होतं. आबीच्या दारातून ती सरळ समोर होती. सदतीस सेंटिमीटर पाणी जिथे असायला हवं तिथे दगडांची ओळ उघडी पडली होती. पलीकडच्या पर्यटकांच्या तंबूंवर खरकट्यावर वाढलेली आणि आता रानटी झालेली सहा कुत्री त्या दगडांवरून उड्या टाकत बेटाकडून परत येत होती. एकाच्या तोंडात काहीतरी पांढरं होतं.

क्षणभराने बाईंना सगळं समजलं. सरोवर वीस किलोमीटर लांब आणि उथळ. दुपारचा वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि सगळं पाणी तिकडे रेटतो, परातीतलं पाणी परात कलवल्यावर एका कडेला जावं तसं. दक्षिणेच्या टोकाला, खाचेत, पाणी वीतभर उतरतं. रात्री वारा पडतो, पाणी परत येतं, आणि सकाळी आठला गेज सदतीस दाखवतो. ओढ्याचा मोठा लोंढाही दुपारीच येतो, कारण मनोरे उन्हाने वितळतात. पण खालच्या तीन घरांचं आधीच भागलेलं असल्याने सारणी तो आबीच्या कुरणाला देत होती. खाचेत पाणी पुरेसं आहे हे तिला सकाळीच कळलेलं असायचं. कालव्याला वारा कलवू शकत नाही. कालव्यावर आठचं पाणी हेच दिवसाचं पाणी असतं. एकवीस वर्षं तो नियम खरा ठरला, आणि इथे त्याच नियमाने पंधरा घरटी खाल्ली.

“मला सांगितलं का नाही?” बाईंनी विचारलं.

आबीचं उत्तर दुभाष्यालाही गोडवता आलं नाही. “सांगायला तू बसलीस कधी?”

बाईंनी तिथूनच रिगझिनना फोन लावला. त्या एका परिषदेसाठी दूर होत्या. त्या म्हणाल्या की मोजायची वेळ बदलायला समितीची मंजुरी लागते, बैठक वीस तारखेला आहे. पिल्लं पंधरा ते वीसच्या दरम्यान अंड्यांतून निघणार. म्हणजे वरातीमागून घोडं. एकच वाट होती. आबीच्या कुरणावरचं दार सारणीकडून काढून हातचालवणीवर टाकायचं. मग रोज दोन वाजता कुणीतरी चाक फिरवून ते दार बंद करायचं, दुपारचा सगळा लोंढा खाली खाचेत सोडायचा आणि अंधार पडता पडता दार पुन्हा उघडायचं. सोळा दिवस. पिल्लं एकदा पाण्यात उतरली की कुत्र्यांच्या हाती लागत नाहीत.

कुणीतरी म्हणजे कोण? मनोरे सांभाळणारी प्रकल्पाची तीन माणसं पंचवीस किलोमीटरवर, वर मनोऱ्यांपाशी. खालच्या तीन घरांची माणसं शेळ्या घेऊन उद्याच वरच्या कुरणांकडे निघणार. इथे उरलेल्या दोन बायका. एकीला पहाटे जायचं होतं. दुसरीच्या कुरणाचं पाणी तोडायचं होतं.

बाई बाहेर आल्या आणि वाऱ्यात उभ्या राहिल्या. राहावं तर कावेरी. सातला येते म्हटलं होतं. मुलीच्या कानात तो शब्द कसा वाजत असेल ते त्यांना ठाऊक होतं. जावं तर खाली सव्वीस माद्या अंड्यांवर बसलेल्या, आणि त्यांना उघडं पाडलं होतं आपल्याच आठ वाजताच्या नियमाने. टेलच्या माणसासाठी आयुष्यभर भांडलो आणि इथे टेलला कोण आहे तेच ओळखलं नाही, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

त्या परत आत गेल्या आणि आबीला सगळं सांगितलं. पाणी तोडलं तर कुरणाची खालची बाजू वाळेल, हेही लपवलं नाही. आबीला ते सांगायची गरजच नव्हती. तिचा मुलगा लेहला टॅक्सी चालवायचा आणि दर महिन्याला निरोप पाठवायचा की शेळ्या विक, इकडे ये. गवत आहे तोवर तिच्याकडे उत्तर होतं.

“माझा चहा प्यायलीस,” आबी सावकाश म्हणाली, “आणि पहिलं काय मागितलंस, तर माझंच पाणी.”

नेमकं हेच होऊ नये म्हणून त्यांनी एकवीस वर्षं चहा टाळला होता. आबी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शेळ्या बांधायला उठून गेली.

पहाटे गाडी तंबूशी थांबली. बाईंनी दार हातचालवणीवर टाकलं होतं. चाक फिरवायचा लोखंडी दांडा त्यांनी आबीच्या हातात दिला. मुखाकडच्या शेतकऱ्याकडेच दाराचा दांडा! पैठणला हे कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आबीने दांडा घेतला, तोलून पाहिला आणि तंबूत ठेवला. गाडी निघाली. वळणावरून दार दिसेनासं होईपर्यंत बाई मागे बघत होत्या.

सातला त्या पैठणला पोचल्या. चौदाला कावेरीला मुलगी झाली, सुखरूप. बाईंनी कशात कसूर केली नाही. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, तेल लावणं, रात्रीची जागरणं सगळं केलं. पण रोज दुपारी दोन वाजले की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. बाळाला मांडीवर घेऊन मध्येच थांबायच्या. आबीचा फोन चार दिवसांतून एकदा लागायचा आणि दुभाषी सांगायचा, “कार्य यथास्थित सुरू आहे.” बाईंना त्याने धीर येत नव्हता. मुखाकडच्यांची ही वाक्यं त्यांनी हजारदा ऐकली होती. सोडलं बाई, केव्हाच सोडलं. आठचा गेज तर पूर्वीही चांगलाच होता. जुलैत ढगफुटी होऊन रस्ता वाहून गेला. रिगझिनची माणसं पोचली तेव्हा पक्षी दलदलीत पांगले होते. पिल्लं किती ते आता हिवाळ्यातच कळेल, त्यांनी कळवलं.

“तू आलीस खरी,” एका दुपारी कावेरी म्हणाली, “पण अर्धीच आलीस.”

ती रागाने बोलली नव्हती. बाईंनी मग तिला सगळं सांगितलं. आठ वाजताची चूक, कुत्री, चहा आणि हातात दिलेला दांडा. कावेरीने ऐकून घेतलं आणि बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाथसागरावर पट्टकादंब उतरल्याची बातमी आली. बाई सकाळीच निघाल्या. कावेरी न विचारता बाळाला गुंडाळून सोबत आली. थांग त्सोच्या वीस पक्ष्यांच्या गळ्यात रिगझिननी पिवळी कडी घातली होती, तेवढी खूण होती. पिल्लू ओळखायचं सोपं. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यावर काळे पट्टे नसतात. पिल्लं आईबापांबरोबरच येतात, म्हणजे पिवळ्या गळ्याजवळ बिनपट्ट्याचं डोकं शोधायचं.

पाण्याच्या कडेला दोन-तीनशे पक्षी हरभऱ्याच्या रानात चरत होते. बाईंनी दुर्बीण लावली. पिवळा गळा, शेजारी पट्टेवाला. पिवळा गळा, एकटा. पिवळा गळा, पट्टेवाला. चौथा दिसायच्या आत त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

कावेरीने बाळ त्यांच्याकडे दिलं आणि दुर्बीण घेतली. बराच वेळ ती बघत होती.

“आई, बांधापाशी पिवळ्यावाला हाये ना, त्याच्या मागं तीन हायेत. डोकी कोरी हायेत त्यांची.”

मग ती मोजत गेली. दुसऱ्या जोडीमागे दोन. पाण्यात चार. बाई बाळाला छातीशी धरून ओल्या मातीतच बसल्या. दुपारपर्यंत एकूण एकोणीस झाली. नुसत्या पिवळ्या गळ्याच्या जोड्यांची एकोणीस. बिनखुणांची वेगळीच. बाई रडत होत्या आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

त्यांनी तिथूनच फोन लावला. सातव्या प्रयत्नाला लागला. त्यांनी काही बोलायच्या आत आबीनेच विचारलं, “किती?” तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की सोळा दिवस चाक फिरवणाऱ्या बाईलाही शेवट माहीत नव्हता. एकोणीस, त्या म्हणाल्या.

मग बाईंनी विचारलं, आधी विचारायला हवं होतं ते. गवताचं काय झालं? आबीने सांगितलं. कुरणाची खालची बाजू गेली. पन्नास शेळ्या विकल्या. मुलगा येऊन बोलून गेला. शंभर उरल्या आहेत, शंभरांवर हा हिवाळा निघेल. दुभाषी हे सगळं अलंकारिक मराठीत सांगत होता. बाईंनी तो कानातून काढून टाकला आणि तिचा खरा आवाज ऐकला. शब्द कळले नाहीत, पण ती भांडत होती हे कळलं. त्यांनी दुभाषी परत घातला तेव्हा शेवटचं वाक्य मिळालं.

“पुढच्या वर्षी प्रथम जल माझ्या कुरणास.”

“आठ वाजताचं तुझं,” बाई म्हणाल्या. “सकाळचं पाणी सगळं तुझं, आधी तुझं. दुपारचं मागायला मी स्वतः येते. मार्चात येते, चहा ठेव.”

फोन बंद झाल्यावर त्यांना जाणवलं की हे सगळं कावेरीच्या देखत बोललो. हरभऱ्यातून पक्ष्यांची एक ओळ उठली, पाण्यावर फिरून पुन्हा खाली बसली. कावेरीने बाळाचं टोपडं सारखं केलं, खाली वाकून आईच्या लुगड्याची माती झटकली आणि विचारलं, “मार्चात कधी जायलीस?”